पंप, खाट आणि मागच्या चार खोल्या

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीडहून अहिल्यानगरकडे प्रवासी रेल्वे निघाली. अहमदनगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला होता. त्यातला आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा तुकडा सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि जिल्ह्याच्या गावाला रूळ टेकायला आणखी तीन वर्षं गेली. परळी वैजनाथ आणि घाटनांदूरला निजामाच्या अमदानीपासून गाडी येत होती, पण ती जिल्ह्याच्या पूर्वेच्या कडेला. गेवराई, बीड, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, माजलगाव, वडवणी या तालुक्यांतल्या माणसाला गाव सोडायचं तर रस्त्यावर येऊन उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

म्हणून बीड जिल्ह्यात फाटा हेच स्थानक झालं. फाट्यावर एसटी थांबायची, ट्रक वळायचे, जीप भरायच्या. जिथे माणसं थांबतात तिथे चहाचं दुकान होतं, तिथेच पुढे पेट्रोलपंप येतो, पंपाशेजारी हॉटेल, हॉटेलापुढे खाटा आणि मागे चार खोल्यांचं लॉज. हे सगळं बहुतेक वेळा एकाच घराचं असतं. एक भाऊ पंपावर, दुसरा गल्ल्यावर, आई-काकू भटारखान्याच्या देखरेखीवर, म्हातारे आजोबा दारातल्या खुर्चीवर. जिल्ह्याच्या इतिहासात संस्थानिक आहेत, संत आहेत, साखर कारखाने आणि निवडणुका आहेत. दोन-तीन पिढ्या रात्रंदिवस रस्त्याकडेला जागलेल्या या घरांची मात्र कुठे नोंद नाही. ती व्हायला हवी, कारण येत्या काही वर्षांत त्यातली बरीच घरं आपला धंदा आवरतील.

गोदावरीपासून बालाघाटापर्यंत

धुळे–सोलापूर रस्ता हा जिल्ह्याचा कणा. जुना राष्ट्रीय महामार्ग २११, नव्या क्रमांकाने ५२. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. मग गेवराई, गढी, पाडळशिंगी, बीड, पाली, मांजरसुंब्याचा घाट आणि पुढे चौसाळा. गढीला कल्याण–निर्मल रस्ता माजलगावकडे फुटतो. मांजरसुंब्याला एक वाट नेकनूर–केजवरून अंबाजोगाईला जाते, दुसरी पाटोद्याकडे, तिसरी सोलापूरला. बीडमधून निघालेली गाडी घाट चढून दमते ती इथेच. रेडिएटरमध्ये पाणी घालायला, टायर बघायला, चहा प्यायला ट्रकवाले इथे थांबत आले. दिवाळीच्या तोंडावर बालाघाटाच्या या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना सीताफळांच्या पाट्या लागतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण त्याआधीही या फळाची खरी पेठ रस्त्याची कडच होती.

या वाटांवरून जाणारा माणूस सहसा सहलीला निघालेला नसतो. कोकणस्थांची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी, म्हणून पुण्या-मुंबईची कुटुंबं लग्नानंतर, मुंजीनंतर दर्शनाला येतात. श्रावणात परळीच्या वैजनाथाची गर्दी असते. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीसाठी कपिलधारला लिंगायत भाविकांची रीघ लागते. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी–अंबाजोगाईवरून जाते, पैठणहून निघालेली नाथांची पालखी शिरूर–पाटोद्याकडून. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पेशंट ठेवून नातेवाईक रात्र काढायला जागा शोधत हिंडतात. बियाण्यांचे, औषधांचे, विम्याचे प्रतिनिधी आठवड्याचा दौरा लावून येतात. या सगळ्यांना मोठं हॉटेल नको असतं. स्वच्छ चादर, बादलीभर गरम पाणी, रात्री दहालाही मिळणारी भाकरी आणि आवारात सुरक्षित उभी राहणारी गाडी एवढीच त्यांची मागणी. फाट्यावरच्या लॉजने ती पुरवली.

पंपाच्या आधीची वाट

पेट्रोल यायच्या आधीही या वाटांवर मुक्कामाची सोय होती. देवस्थानांच्या धर्मशाळा होत्या, सरकारी अंमलदारांसाठी डाक बंगले होते. बीडच्या सरहद्दीला लागून असलेल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार केला. यात्रेकरूला आसरा देणं हे राज्यकर्त्याचं काम आहे, असा धडा त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधून घालून दिला.

पण तो आसरा सर्वांना मिळत नव्हता. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबादच्या सहलीला निघाले. ठिकठिकाणी अपमान होईल हे ठाऊक असल्याने त्यांनी प्रवासाचा गाजावाजा केला नव्हता. तरीही दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर आला आणि आत जाताना पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत शिपाई देण्यात आला. त्याआधी बडोद्यात नोकरीवर रुजू होताना पारशी सराईतून त्यांना बाहेर काढलं गेलं होतं. हे दोन्ही प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहेत. राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव आणि रस्ते सर्वांना खुले असतील असं स्वतंत्रपणे लिहावं लागलं, त्याला असे अनुभव कारण आहेत. रस्त्याकडेच्या लॉजचा इतिहास सांगताना हे विसरून चालणार नाही. पैसे मोजले की खाट मिळते, ही आज साधी वाटणारी गोष्ट मराठवाड्यातल्या कितीतरी घरांना दोन पिढ्यांपूर्वी माहीत नव्हती.

बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या रेल्वेने जून १९३२मध्ये २७ गाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी स्वतःची बससेवा सुरू केली. बस आली तसं इंधन लागलं. त्याआधी इंधन म्हणजे रॉकेल, आणि ते यायचं चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून. रेल्वेने, बैलगाडीने, होडीने हे डबे देशभर फिरले. सुरुवातीचं पेट्रोलही डब्यातूनच विकलं गेलं. रिकामा डबा घरात पाणी भरायला, धान्य ठेवायला, फोडून पत्रा केला तर छपराला उपयोगी पडायचा. १९२८ साली बर्मा-शेल कंपनी उभी राहिली आणि तिसाच्या दशकात रस्त्यापासून आत सरकून बांधलेले, गाडी वळवून आत घेता येईल असे पंप हिंदुस्थानात दिसू लागले.

दारातली टाकी

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. त्याच वर्षी १ जूनला पलीकडे मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली होती. १९५६मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. राज्याची राजधानी आता हैदराबादऐवजी मुंबई झाली, त्याबरोबर माणसांचा आणि मालाचा ओढा पश्चिमेकडे वळला. पुढे १९७२चा दुष्काळ पडला. खडी फोडायला, मुरूम वाहायला गावंच्या गावं रस्त्यावर आली. त्या दुष्काळी कामांतून मराठवाड्यात पाझर तलाव झाले तसेच रस्तेही झाले. ज्यांनी उपाशीपोटी ते रस्ते केले त्यांचीच मुलं पुढे त्यांवरून ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेली.

या काळात ज्यांची जमीन सडकेला लागून होती त्यांच्याकडे तेल कंपन्यांचे लोक येऊ लागले. जुन्या डीलरशिपची रीत साधी होती. कंपनीने जागा भाडेपट्ट्याने घ्यायची, जमिनीत टाक्या गाडायच्या, यंत्रं बसवायची आणि रोजचा धंदा घराने सांभाळायचा. काहींनी जमीन दिली, काहींनी अडतीच्या दुकानातलं भांडवल घातलं, काहींकडे आधी रॉकेलची एजन्सी होती. तेव्हाच्या पंपावर बर्मा-शेल, कॅल्टेक्स किंवा एस्सोची पाटी असायची. १९५९पासून सरकारी इंडियन ऑइल आली. हाताने दांडा मारून पेट्रोल वर खेचायचं यंत्र असे. पंपाला ‘सर्व्हिस स्टेशन’ म्हणत आणि ते नाव सार्थ होतं. गाडी धुणं, ग्रीस भरणं, ऑइल बदलणं, पंक्चर काढणं हे सगळं तिथे व्हायचं. जुन्या पंपांच्या आवारात गाडी चढवायचा सिमेंटचा रॅम्प अजून दिसतो.

१९७४मध्ये एस्सोचं राष्ट्रीयीकरण होऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झालं. १९७६मध्ये सरकारने बर्मा-शेल ताब्यात घेतली आणि १९७७मध्ये तिचं नाव भारत पेट्रोलियम ठेवलं. कॅल्टेक्सही १९७८मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये मिसळली. दारावरची पाटी बदलली, खांबांचे रंग बदलले, बिलावरचं चिन्ह बदललं. गल्ल्यावरचं घर तेच राहिलं. उधारीची खतावणीही तीच राहिली. या धंद्यात जे टिकून राहिलं ते हे घर होतं, आणि गिऱ्हाईकाचा विश्वास पाटीपेक्षा त्या घरावर होता.

सकाळी सहा

पंपाचा दिवस सकाळी सहाला बदलतो. १६ जून २०१७पासून भाव रोज ठरतो आणि सहाला नवा दर लागू होतो. पण त्याआधी टाकीचं काम असतं. टाकीचं झाकण उघडून पितळी डिपकाठी आत सोडतात. काठीच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावलेली असते. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागात पेस्टचा रंग बदलतो. काठी वर आली की ओल कुठवर लागली ते सेंटिमीटरमध्ये वाचायचं आणि टाकीच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे किती लिटर लिहिलेत ते पाहायचं. मग काचेच्या उंच भांड्यात तेल घेऊन त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडायचा. आलेली घनता १५ अंश सेल्सिअसला किती होईल ते कोष्टकावरून काढायचं. टँकरच्या चलनावरच्या घनतेशी घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक पडला तर माल संशयास्पद. शेवटी पाच लिटरचं शिक्क्याचं माप भरायचं. २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी-जास्त असेल तर ते नोझल बंद. हे सगळे आकडे रोजच्या वहीत जातात.

वीस-बावीस वर्षांचा नातू हे काम करत असतो आणि त्याचं माप बरोबर आलं की नाही हे दुरून खुर्चीवरच्या आजोबांना चेहऱ्यावरून कळतं. हीच या धंद्याची शाळा. गिऱ्हाईकाला हे माप, घनता आणि फिल्टर पेपरची चाचणी मागायचा हक्क आहे. “झिरो बघा, दादा” हे नोझल धरणारा पोरगा सवयीने म्हणतो, पण त्या तीन शब्दांवर पंपाची अब्रू अवलंबून असते. तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या पंपाचं माप कमी आहे अशी कुजबुज झाली, तर ती पुसायला दहा वर्षं पुरत नाहीत.

टँकर यायचा तो बहुधा मनमाडजवळच्या पानेवाडीहून किंवा सोलापूरजवळच्या पाकणीहून. तो आला की आधी सील आणि कुलूप बघायचं, टँकरमध्ये डिप घ्यायची, जमिनीत अर्थिंगची तार जोडायची, मग माल खाली करायचा. १ जानेवारी २०२४ला नव्या कायद्यातल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध टँकरचालकांनी काम थांबवलं, तेव्हा राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. अशा दिवशी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी, दवाखान्याच्या जनरेटरसाठी चारशे-पाचशे लिटर मागे ठेवायचे की नाही हा निर्णय पंपमालकालाच घ्यायचा असतो. गावातली माणसं ओळखणारा मालक तो न सांगता घेतो.

खाटेपासून खोलीपर्यंत

खोल्या एकदम होत नाहीत. आधी बाज असते. रात्री अकराला आलेला ट्रकचालक जेवतो आणि तिथेच आडवा होतो. त्याच्याकडून झोपायचे पैसे कोणी घेत नाही, जेवणात ते आलेले असतात. क्लीनर गाडीतच ताडपत्रीवर झोपतो. पहाटे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर आंघोळ उरकून गाडी निघते. हळूहळू कुटुंबं घेऊन मोटारी यायला लागतात. बायकांना उघड्यावर झोपता येत नाही, म्हणून मागे दोन खोल्या बांधल्या जातात. मग एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी महिन्याचे चार दिवस ठरवून टाकतो आणि दोनाच्या चार होतात. स्फोटक पदार्थ विभागाच्या परवान्याच्या अटींमुळे टाक्यांजवळ चूल चालत नाही. त्यामुळे पंप पुढे, हॉटेल एका बाजूला आणि खोल्या मागे अशीच बहुतेक ठिकाणची मांडणी.

तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे प्रत्येक पंपावर मोफत हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असलंच पाहिजे. शहरात या सोयींकडे लक्ष जात नाही. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे मार्च उजाडला की टँकरच्या पाण्यावर गावं जगतात, तिथे रस्त्याकडेला माठ आणि नळ चालू ठेवणं हे पाणपोईचंच व्रत आहे. आणि रात्री प्रवास करणाऱ्या बाईला मैलोन्मैल दुसरी आडोशाची जागा नसते. ज्या घरातली सासू-सून मागच्या खोल्यांत राहते, त्या पंपाच्या स्वच्छतागृहाला कडी असते, दिवा असतो, पाणी असतं. घर धंद्याला लागून असण्याचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

दसऱ्यानंतरच्या रात्री

बीडच्या रस्त्याचा मोठा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो. लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ट्रकवर, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत संसार चढवलेला असतो. पेंढ्या, पाचटाच्या कोपीसाठी बांबू, चुलीची भांडी, शेळी, कोंबड्या, आणि त्यावर ताडपत्री ओढून बसलेली माणसं. रात्री दोनला असा ताफा पंपावर वळतो. पुरुष डिझेलच्या रांगेत, बाया लेकरांना घेऊन नळाकडे. कोणाला दूध गरम करून हवं असतं, कोणाचं पोर तापाने फणफणलेलं असतं आणि जवळ डॉक्टर कोण ते विचारायचं असतं. पाडव्याच्या आसपास हीच माणसं परततात.

या हंगामाचा पंपाच्या हिशेबाशी थेट संबंध आहे. वाहतुकीचा करार केलेला ट्रॅक्टरवाला कारखान्याचं बिल मिळेपर्यंत डिझेल उधारीवर मागतो. पंपवाल्याला मात्र कंपनीकडे आगाऊ पैसे भरून टँकर मागवावा लागतो. म्हणजे कारखाना, मुकादम आणि ट्रॅक्टरवाला यांच्या साखळीत पंपाचं घर बिनव्याजी सावकार होऊन बसतं. पाऊस बरा झाला तर वसुली होते. दुष्काळ पडला, ऊस जळाला, कारखाना लवकर बंद झाला तर खतावणीतली पानं तशीच राहतात. त्यातला कोण बुडवणार आणि कोण उशिरा का होईना आणून देणार, हे ओळखणं कुठल्या संगणकाला जमलेलं नाही.

आता या साखळीला आणखी एक कडी जोडली गेली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं आणि त्यातला काही वाटा उसापासून येतो. बीडच्या माणसाने सांगली-कोल्हापूरच्या फडात तोडलेला ऊस मळी आणि इथेनॉल होऊन बीडच्याच पंपाच्या टाकीत परत येतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत जरा जास्त पाणी शिरलं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणून पावसाळ्यात झाकणाच्या रबरापासून वाफ सोडणाऱ्या पाइपापर्यंत सगळं रोज तपासावं लागतं. ज्याच्या घामातून हे इंधन तयार झालं तो कामगार त्याच पंपावर रात्री पाणी प्यायला थांबतो. त्याची चांगली सोय होणं हे उपकार नव्हेत.

दूरची एक वाट

ही कहाणी एकट्या बीडची नाही. अमेरिकेत मोटारी वाढल्या तेव्हा हमरस्त्याकडेच्या शेतकऱ्यांनी आधी घरापुढे पेट्रोलचा पंप बसवला, मग मागे लाकडी खोपटी बांधून ती रात्रीपुरती भाड्याने दिली. १९२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पो गावात ‘मोटेल’ हे नाव लावलेलं पहिलं मुक्कामाचं ठिकाण उघडलं. शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा ६६ क्रमांकाचा रस्ता १९२६मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या कडेने अशी शेकडो घरं उभी राहिली. तिथेही सर्वांना दार उघडं नव्हतं. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली, जेवण आणि पेट्रोल मिळेल याची यादी देणारं ‘ग्रीन बुक’ १९३६पासून छापलं जाऊ लागलं आणि ते एस्सोच्या पंपांवर मिळत असे. हीच एस्सो आपल्याकडे १९७४पर्यंत पेट्रोल विकत होती.

१९५६च्या कायद्याने तिथे नवे द्रुतगती महामार्ग बांधायचं ठरलं. ते गावांना वळसा घालून गेले. जुन्या रस्त्यावरचे पंप आणि खोल्या एकेक करून बंद पडल्या आणि १९८५मध्ये ६६ क्रमांकच यादीतून काढला गेला. स्वस्तात निघालेली अनेक मोटेलं गुजराती कुटुंबांनी घेतली. स्वतः मागच्या खोलीत राहायचं, घरातल्यांनी चादरी धुवायच्या, रात्री घंटी वाजली की उठायचं, या बळावर त्यांनी ती चालवली. आज तिथल्या निम्म्याहून अधिक हॉटेलांची मालकी भारतीय वंशाच्या लोकांकडे असल्याचं त्यांची संघटना सांगते. मोठ्या कंपन्यांना न परवडणारी जागा राहतं घर चालवू शकतं, हे त्यांनी सिद्ध केलं.

दुभाजक आणि वळणरस्ता

बीडच्या फाट्यांवर हेच वळण आता आलं आहे. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात येडशी ते औरंगाबाद हा १८९ किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला. बीड-गेवराईचा प्रवास सुखाचा झाला, वेळ वाचला. रस्ता व्हायलाच हवा होता. पण दुभाजक आला की एका कडेच्या पंपाचं समोरून येणारं अर्धं गिऱ्हाईक एका दिवसात जातं. गावाला वळसा पडला की जुन्या रस्त्यावरच्या हॉटेलापुढून ट्रक दिसेनासा होतो. जमीन संपादनाचा मोबदला मिळतो तो जमिनीचा. चाळीस वर्षं जमवलेल्या गिऱ्हाइकाचा मोबदला कोणत्याही तक्त्यात नसतो.

रस्त्याखेरीज बाकीचे तडाखेही आहेत. १५ डिसेंबर २०१६च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद केली, लहान गावांसाठी ती मर्यादा पुढे २२० मीटर झाली. निकाल अपघात टाळण्यासाठी होता आणि रास्त होता, पण परमिट रूमच्या उत्पन्नावर टेकलेली लॉजेस त्यात कोसळली. जी जेवणावर आणि झोपेवर उभी होती ती तरली. २००२मध्ये पंपवाटपातला वशिला बाहेर आला आणि केंद्राने ३,१५८ वाटपं सरसकट रद्द केली. पुढे न्यायालयाने तो सरसकट आदेश बाजूला ठेवला, तरी पंप म्हणजे पुढाऱ्याची मेहेरबानी ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली आणि कष्टाने चालणारी जुनी घरंही त्याच मापाने मोजली गेली.

भावाचंही तसंच. २०२१च्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी उतरवलं. गिऱ्हाइकाची दिवाळी गोड झाली. ज्याने सुट्टीच्या भीतीने टाकीत दहा हजार लिटर डिझेल भरून ठेवलं होतं त्याचे लाखभर रुपये रातोरात गेले. डीलरचं कमिशन २०१७नंतर थेट २०२४च्या धनत्रयोदशीला वाढलं. मधल्या सात वर्षांत पगार, वीज, बँकेचं व्याज वाढतच होतं. मग शिकलेला नातू पुण्यात नोकरी बघतो आणि पंप कोणाला चालवायला द्यावा याची बोलणी सुरू होतात.

काय करता येईल

ट्रकचालकांना झोपायला जागा हवी हे सरकारलाही पटलं आहे. सरकारी तेल कंपन्यांनी ‘अपना घर’ या नावाने पंपांच्या आवारात विश्रामगृहं उभारली. १ जुलै २०२५पर्यंत अशा ३६८ ठिकाणी ४,६११ खाटा झाल्या. आंघोळीचा हौद, स्वतः स्वयंपाक करायची जागा, ढाबा, पिण्याचं पाणी अशी तिथली सोय. कल्पना उत्तम आहे. बीडच्या फाट्यांवरची घरं हेच काम पन्नास वर्षं करत आली आहेत, हे लक्षात घेऊन त्यांनाच या योजनेत आधी सामील करून घ्यायला हवं. खाटा आहेत, पाणी आहे, रात्रभर जागणारी माणसं आहेत. लागणार आहे ते अल्प व्याजाचं कर्ज, योजनेची पाटी आणि महामार्गावरून आत यायला सुरक्षित वाट.

दुसरं काम रस्ता आखणाऱ्यांचं. वळणरस्ता काढताना जुन्या फाट्यापासून तो कुठे जोडला जाईल, सेवा रस्ता कुठवर येईल आणि दुभाजकात वळायला जागा कुठे असेल, हे गावातल्या व्यावसायिकांना विचारून ठरवता येतं. जिथे गाडी वाकडी घुसते तिथे अपघात होतात, म्हणून नीट आखलेली वाट प्रवाशांच्याही भल्याची आहे. ऊसतोडीच्या हंगामात या थांब्यांवर फिरता दवाखाना आणि स्त्रियांसाठी जास्तीची स्वच्छतागृहं ठेवली, तर आरोग्य खात्याला कामगार शोधत फडाफडांतून फिरावं लागणार नाही. ते सगळे इथूनच जातात.

आणि तिसरं काम या घरांचं स्वतःचं. माळ्यावर पडलेल्या खतावण्या, लॉजची रजिस्टरं, बर्मा-शेलच्या काळातली बिलं, उद्घाटनाचे फोटो रद्दीत जाऊ देऊ नका. कोणत्या दुष्काळात डिझेलची विक्री किती घटली, पालखीत किती दिंड्या उतरल्या, कोणत्या गावाने किती उधारी फेडली, हे सारं त्यात आहे. अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या महाविद्यालयातल्या इतिहास विभागाने एका सुट्टीत विद्यार्थ्यांना या कामाला लावलं, तर मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाचं एक साधन हाती येईल, जे कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही.

बीडला रेल्वे आली याचा आनंद मोठा आहे आणि ती परळीपर्यंत लवकर जावी. पण रूळ आले म्हणून फाटे संपत नाहीत. स्टेशनापासून गावापर्यंत, कारखान्यापर्यंत, दवाखान्यापर्यंत जायला रस्ताच लागणार आहे आणि त्या रस्त्यावर रात्री दोनला उतरणाऱ्या माणसाला दार उघडणारं कोणीतरी लागणारच आहे. ते दार ज्या घरांनी इतकी वर्षं उघडं ठेवलं, त्यांच्याकडून ते काम काढून घेण्यापेक्षा त्यांना ते नीट करता येईल अशी तजवीज करणं जिल्ह्याच्या जास्त हिताचं आहे.